वल्कलाचे पैसे

राजधानीतल्या ब्वाइसे वस्तीत नाल्याकाठी आठ खोल्यांची एक ओळ होती. त्या ओळीत पेरेपेतुआची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. ही बाई आगपेटीतली काडी उभी चिरते आणि एकीच्या दोन करते, असं लोक म्हणायचे. ते खरंच होतं. तळणीचं तेल ती तीनदा वापरायची, चौथ्यांदा मात्र नाही, कारण गिऱ्हाइकाच्या जिभेला कळतं. नवरा ट्रक घेऊन केनियाकडे गेला तो गेलाच. तेव्हापासून चौदा वर्षं रस्त्याकडेला तिची कसाव्याचे कंद तळायची कढई एकही सकाळ थंड राहिली नव्हती. त्या कढईवर दोन पोरी शाळेत जात होत्या आणि वर गावाकडे बापाला महिन्याचं मीठ, साबण, रॉकेल जात होतं.

दोन हजार अठराच्या जुलैत सरकारनं फोनवरच्या गप्पांवर कर बसवला. दिवसाला दोनशे शिलिंग. भरले तर व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं, नाही भरले तर बंद.

नळावर सगळ्या बाया कॅन लावून उभ्या होत्या तेव्हा पेरेपेतुआनं हिशेब मांडून दाखवला.

"दोनशेत हा एक कॅन भरतो. म्हणजे रोज एक कॅन पाणी सरकारच्या अंगणात ओतायचं, कशासाठी? तर माझ्या वहिनीनं काल काय रांधलं ते बघायला."

"तू नको भरूस," शेजारची जोवियाची आई म्हणाली. ती डोक्यावर चुंबळ ठेवून तशीच उभी होती. "तुला कोण मेसेज करतंय? कसावा?"

"तुला करतंय ना, तो बोडावाला. भर तूच."

बाया हसल्या. जोवियाची आईही हसली, कारण त्या मोटारसायकलवाल्याचं प्रकरण आता कुणापासून लपलेलं नव्हतं.

पण फोन पुरता बंद ठेवणंही जमणारं नव्हतं. लग्न, बारसं, कुळाची बैठक, सगळं आता त्या फोनमध्ये. बोलायला फोन लावावा तर मिनिटामिनिटाला पैसे. मग पेरेपेतुआनं मोबाइल दुरुस्तीवाल्या लुबेगाला गाठलं. त्यानं फोनमध्ये व्हीपीएन नावाची चोरवाट बसवून दिली. दर, एक ताटलीभर गरम कसावा.

"आता तुमच्या फोनला वाटणार की तो हॉलंडात आहे, न्याबो. कर नाही, काही नाही," लुबेगा म्हणाला. प्रत्येक मोठ्या बाईला तो न्याबोच म्हणायचा.

"आणि मला काय वाटणार?"

"तुम्हाला वाटणार पैसे वाचले."

तसंच वाटलं तिला. आठवडाभर कुणा परक्या देशातल्या जाहिराती दिसत होत्या, लोकरीचे कोट, चीज. पोरी हसून हसून लोळायच्या. लुबेगानं एक गोष्ट सांगितली नव्हती, किंवा त्यालाही ठाऊक नव्हती. त्या वाटेनं जाताना नेटचा पॅक दुप्पट झरतो. पाचशेचा पॅक पूर्वी चार दिवस जायचा, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आटायला लागला. पेरेपेतुआनं त्यावरही उपाय काढला. फोटो उघडायचे नाहीत, आवाजी निरोप उघडायचे नाहीत, फक्त लिहिलेलं वाचायचं. फोटोच्या जागी एक धुरकट चौकोन दिसायचा. तेवढ्यावर भागवायचं. चेहरे कुणाचेही असोत, शेवटी लोक लग्नात तेच कपडे घालतात, असं तिचं म्हणणं.

तिचा बाप बाल्तझारी मसाकाच्या पलीकडे डोंगरउताराला राहायचा. चौऱ्याहत्तरीचा. थोडी कॉफीची झाडं, थोडी केळी, धाकटा मुलगा सिंब्वा सोबतीला. म्हाताऱ्याला जांघेत अंतर्गळ होता, जुना. ईस्टरला तो फार दुखला तेव्हा डॉक्टरनं कापायला सांगितलं होतं. त्या वेळी पेरेपेतुआ ओळीतल्या प्रत्येक दाराशी गेली होती. गुडघे टेकून बोलली होती. सात दारांतून तिला अकरा हजार मिळाले आणि पुष्कळ सल्ला मिळाला. प्रत्येकाच्या घरात एक आजारी माणूस होतंच. बाल्तझारीनं मग कमरेला फडक्याचा पट्टा आवळला आणि परत कॉफी तोडायला गेला.

जुलैच्या तिसऱ्या बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला कढईतला शेवटचा घाणा निघत होता. फोन चार वेळा थरथरला. चारही निरोप सिंब्वाचे होते. एक फोटो, त्याखाली तीन आवाजी निरोप. लिहिलेलं एक अक्षर नाही.

पेरेपेतुआनं हात पुसले आणि त्या धुरकट चौकोनाकडे बघितलं. एक माणूस उताणा. अंगावर पांढरं, पायापासून हनुवटीपर्यंत. बाजूला दोन-तीन आकार बसलेले, बायांचे असावेत.

तिनं झारा खाली ठेवला. त्यांच्याकडे मरणाची बातमी कुणी लिहीत नाही, तोंडानंही सरळ सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी काका गेला तेव्हाही असंच झालं होतं. आधी पांघरलेल्या काकाचा फोटो, मग सगळं गप्प. लिहिणाऱ्याच्या हातून ते अक्षर उमटत नाही, हे घराघरात माहीत. आणि जिवंत, आजारी म्हाताऱ्याचा असा झोपवलेला फोटो कोण काढेल? त्याला अपशकून म्हणतात.

तिनं पहिल्या आवाजी निरोपावर बोट दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि थांबलं. पॅक संपला होता. सिंब्वाला साधा फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

तिनं फ्रॉकच्या खिशात हात घातला. सकाळच्या विक्रीची नाणी होती. दोनशे कराचे, कारण चोरवाटेनं आवाजी निरोप नीट उतरतील याचा भरवसा नव्हता, आणि पाचशे पॅकचे. कोपऱ्यावरच्या टपरीत मोबाइल मनी भरला की पाच मिनिटांत तिन्ही निरोप उघडले असते. ती निघालीसुद्धा होती. पण आधी आत्याला कळवायला पाहिजे, म्हणून तिनं फेदेरेसी आत्याला फोन लावला. बापाची बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. कुळात तिचा शब्द शेवटचा.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पांघरलेला हाय म्हणतीस?"

"हनुवटीपर्यंत."

"आनि बाया बसल्यात?"

"बसल्यात, आत्या. पण सिंब्वानं आवाजात काहीतरी सांगितलंय, ते उघडत नाही. कर भरते आणि ऐकते."

"काय ऐकतीस? भावाचं रडनं? तितं जाऊन ऐक, फुकट हाय. ते दोनशे वल्कलाच्या पैशात टाक, बाये. तुझ्या बापाच्या कामी येतील."

आणि पेरेपेतुआनं, जी काडी चिरून दोन करायची तिनं, ते ऐकलं. दोनशेचं नाणं तिनं मुठीतून काढून रुमालात गाठ मारून बांधलं.

मग रडणं सुटलं. ते एका घरात थांबत नाही. पहिली आली जोवियाची आई, हातातलं पीठ तसंच घेऊन. मग पलीकडच्या, मग नळावरच्या, मग बाजारातल्या मासेवाल्या. कुणीतरी वही आणली आणि पाटावर ठेवली. मेलेल्या माणसाला झाडाच्या सालीच्या वस्त्रात गुंडाळून पुरायचं, आणि त्या वल्कलासाठी ज्यानं त्यानं पैसे द्यायचे, नाव लिहून. ते न देणारा माणूस कुठलाच नसतो. ईस्टरला ज्यांच्या घरात आजारी होते, त्यांनीही दिले. मासेवालीनं दहा हजार. लुबेगानं पाच, आणि शरमेनं मान खाली. घरमालक हाजी कासूले, भाड्याचा एक दिवस इकडचा तिकडे होऊ न देणारा, स्वतः चालत आला आणि पन्नास हजार ठेवून गेला.

"बाप एकदाच मरतो," तो म्हणाला.

दुपारी एकपर्यंत वहीत पाच लाख सत्त्याऐंशी हजार जमले होते. आत्यानं बाजारातून चांगलं दळदार, गेरूच्या रंगाचं वल्कल घेतलं. एक चौदा सीटची व्हॅन ठरवली. पोरींना जोवियाच्या आईकडे सोपवून पेरेपेतुआ निघाली. सोबत आत्या आणि आत्याच्या दोन सुना. सगळ्यांनी गोमेसी, म्हणजे पायघोळ झगे, घातले आणि कमरेला सुतकाचे पट्टे बांधले. विषुववृत्ताच्या खुणेपाशी ड्रायव्हर लघवीला थांबला तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "भाऊ माझा गोडखाऊ हुता." आणि परत रडली.

सहाच्या आत व्हॅन केळीतून वर चढली. आत्यानं रीत मोडली नाही. अंगणाच्या तोंडाशीच खाली उतरून तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि हंबरडा फोडला. "माझ्या दादा रे, मला कुनाच्या हवाली केलंस." मागून सुनांनी सूर धरला.

पेरेपेतुआ मागे होती. तिच्या ध्यानात आधी आलं की अंगणात जाळ नाही. मरणाच्या घरी अंगणात ओंडके पेटवतात आणि ते दफनापर्यंत विझू देत नाहीत. इथे राखसुद्धा नव्हती. माणसांना बसायला मांडव घातलेला नाही, शेजारपाजार नाही, एक कोंबडी तेवढी चोच घासत होती.

ओसरीवर चटई होती. चटईवर पांढरी चादर होती. चादर हलली.

"कोन मेलं?" बाल्तझारीनं विचारलं.

आत्याचे हात डोक्यावरच राहिले. सूर तोंडातल्या तोंडात तुटला. मोठी सून मटकन खाली बसली. पेरेपेतुआचे कान सुन्न झाले, जसे कढईत पाण्याचा थेंब पडून तेल तडकल्यावर होतात.

"फेदेरेसी," म्हातारा म्हणाला, "इचारतोय मी. आपल्यातलं कोन गेलं?"

ड्रायव्हर व्हॅनमधून वल्कलाची गुंडाळी घेऊन आला आणि सवयीनं ओसरीच्या कडेला ठेवून मोकळा झाला. बाल्तझारीनं त्या गुंडाळीकडे बघितलं. मग बहिणीकडे. मग मुलीच्या कमरेच्या पट्ट्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, ओठ राखेसारखे पडले होते, पण डोकं शाबूत होतं.

"बरं कापड हाय," तो हळू म्हणाला. "कितीला घेतलंस?"

घरातून शेजारीण बाहेर आली, हातात ओलं फडकं. तिनं सांगितलं ते चौघींनी उभ्यानं ऐकलं. पहाटे केळीचा घड उचलताना अंतर्गळ बाहेर आला तो आत जाईना. दगडासारखा झालाय. उलट्या होतायत. गावच्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, आतडं अडकलंय, आजच्या आज मसाकाला न्या, उद्या नेऊ नका. गाडीवाला दीड लाख मागतो. सिंब्वा सकाळपासून पैशासाठी हिंडतोय, आता कॉफीच्या व्यापाऱ्याकडे गेलाय.

"आनि फोटो?" आत्यानं विचारलं.

"नर्स म्हनाली, बहिनीला कसा दिसतो ते दाव, म्हंजे ती लवकर पाठवंल. पाठवला तेनं. मग तीनदा बोलला. मी इतंच हुते. लई काकुळतीला येऊन बोलला. मग फोनची ब्याटरी गेली."

पेरेपेतुआनं कमरेला हात लावला. पट्ट्यात खोचलेल्या रुमालाला गाठ होती. सकाळी दहा वाजता तिनं ती गाठ मारली होती, आणि दहा वाजता तिचा बाप जिवंत होता, पैसे मागत होता, आणि ती त्याच्यासाठी रडायला बसली होती. आठ तास. ती ओसरीच्या पायरीशी गुडघ्यांवर आली.

"ताता, आम्हाला वाटलं..."

"ते दिसतंय."

"उचला त्यांना," ती ड्रायव्हरला म्हणाली. "गाडीत घाला. मसाका."

"भाडं इथवरचं ठरलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"देते. पैसे आहेत."

तेव्हा आत्यानं तिचा हात धरला. घट्ट. म्हातारीची बोटं थंडगार होती.

"हे पैसं न्हाईत. हे मेलेल्याचं पैसं हाईत. चाळीस मानसांनी ह्याचं नाव लिवून दिल्यात. जित्याला लावलंस तर मरान वसुलीला येतं."

"येऊ दे की," ओसरीवरून बाल्तझारी म्हणाला. दात आवळून बोलत होता. "आलं तर म्हनावं, वही बघ. चाळीसजनांनी भरल्यात."

"दादा, थट्टा न्हाई ही."

"मी कुटं थट्टा करतोय? पोटात सुरी फिरतीया माज्या. फेदेरेसी, तू माज्याकरता रडलीस न्हवं? लई चांगली रडलीस, ऐकलं मी. आता पाय धर."

आत्या तशीच उभी. पेरेपेतुआनं तिचा हात सोडवला नाही. हाताला धरूनच तिला चटईपर्यंत नेलं.

"आत्या, ईस्टरला मी हेच दरवाजे फिरले. अकरा हजार मिळाले मला. तेव्हा ते आजारी होते. आज ते मेले म्हणून पाच लाख मिळाले. तुम्हीच सांगा, मी मरणाला भ्यावं की माणसांना?"

म्हातारी वाकली, आणि तिनं भावाचे पाय धरले.

चटईसकट त्याला व्हॅनच्या मागच्या सीटवर घातलं. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा नाही, नुसता श्वास धरायचा, आणि त्या धरलेल्या श्वासात पेरेपेतुआचा जीव टांगून राहायचा. मध्ये थंडी भरली त्याला. दात वाजायला लागले. गाडीत दुसरं काहीच नव्हतं. सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि कुणीही एकमेकींकडे बघेना. शेवटी आत्यानंच वल्कल उलगडलं आणि भावाच्या अंगावर घातलं. फक्त एक केलं, कडा त्याच्याखाली खोचल्या नाहीत. मेलेल्याच्या खोचतात.

डॉक्टरनं लगेच आत घेतलं. बाहेरून आणायच्या वस्तूंची यादी दिली. पेरेपेतुआनं वहीतल्या पैशांतून दोरे, हातमोजे, सलाईन, सगळं आणलं. सकाळी डॉक्टर म्हणाला, वीतभर आतडं काळं पडलं होतं, काढलं. म्हातारा चिवट आहे. आणखी दोन-तीन तासांनी आणला असता तर मी कापायलाही घेतला नसता. ते ऐकून पेरेपेतुआ भिंतीला पाठ लावून कितीतरी वेळ बसून राहिली. आठ तासांतले दोन-तीन तास. ती परत परत तेवढंच मोजत होती.

शुक्रवारी बाल्तझारी उशीला टेकून बसला आणि चमच्यानं पेज प्याला. पेरेपेतुआनं दवाखान्याबाहेर जाऊन कर भरला, पॅक भरला, आणि त्याचा फोटो काढून ओळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ताता बरे आहेत.

अर्ध्या तासात उत्तरं आली. "किती शांत चेहरा." "देव त्यांना चांगली जागा देवो." "हाच फोटो दफनाच्या पत्रिकेत घाला, पेरेपेतुआ, फार छान आलाय."

बापानं विचारलं, "काय म्हनत्यात?"

"तुम्ही छान दिसता म्हणतात."

शनिवारी सिंब्वाला बापाजवळ ठेवून ती ब्वाइसेला परतली. सिंब्वा तीन दिवसांत तिच्याशी एकच वाक्य बोलला होता. "अक्का, मी तीनदा बोललो गं."

दुपार होती. जोवियाची आई दारात मटार सोलत बसली होती. पेरेपेतुआला बघितल्याबरोबर उठली, पदरात घेतल्यासारखी मिठी मारली, पाठीवरून हात फिरवायला लागली.

"रड. इथे मोकळेपणी रड. नीट झालं ना सगळं?"

"ते गेले नाहीत गं," पेरेपेतुआ म्हणाली.

"नाहीच जात. माझी आई गेली तेव्हा वर्षभर मला चुलीपाशी दिसायची."

"तसं नव्हे. ताता जिवंत आहेत. मसाकाच्या दवाखान्यात. पेज प्याले. मी फोटो न उघडता रडत बसले. पाठीवरून हात काढ आणि माझ्याकडे बघ."

हात पाठीवर थांबला. जोवियाची आई मागे सरकली आणि बघत राहिली.

"आणि वहीतले पैसे?"

"गेले. गाडी, ऑपरेशन, औषधं. थोडे उरलेत, ते टाके निघेपर्यंत लागतील."

"हाजीचे पन्नास?"

"तेही."

जोवियाची आई खाली बसली. मटारची ताटली मांडीवर घेतली, पण सोलेना. एक शेंग हातात धरून उलटसुलट करत राहिली.

"बोलतो का म्हातारा?"

"नर्सांना शिव्या देतो."

"मग वाया नाही गेले." तिनं शेंग मोडली. "माझे सात हजार होते. मला परत नकोत. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही, तूच फिर दारोदार. पण एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या बापाचं वल्कल या ओळीनं एकदा दिलंय. खरोखर जाईल तो, तेव्हा या दारांवर येऊ नकोस."

पेरेपेतुआनं मान डोलावली. हाजीचं दार ओळीच्या टोकाला होतं. ती तिथूनच सुरुवात करायला निघाली.